अमळनेर ते मानसरोवर: फॉर्म, वजन, बाँड आणि बंद दारांचा वाद

तिबेटातल्या कैलास-मानसरोवरहून परतल्यापासून रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो. फॉर्म कुठे भरायचा, पैसे किती लागतात, वजन खरंच बघतात का, चीनच्या हद्दीत काय विचारतात. चोपडा, पारोळा, शिरपूर, पार नंदुरबारहून लोक विचारतात. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते. परिक्रमेची वर्णनं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतील, ती इथे थोडक्यात येतील. मला लिहायचंय ते त्याआधीच्या कागदपत्रांबद्दल आणि वाटेत झालेल्या एका वादाबद्दल. ही यात्रा भारत आणि चीन या दोन सरकारांच्या मर्जीवर चालते. एकाचं बिनसलं की दार बंद होतं, आणि ते कधी उघडेल हे विचारायला कुठलीही खिडकी नसते.

आधी थोडा इतिहास, कारण फॉर्म भरणाऱ्याला तो माहीत हवा. १९६२च्या युद्धानंतर ही वाट बंद होती. १९८१ साली चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला येऊन गेले आणि त्याच वर्षी उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून यात्रा पुन्हा सुरू झाली. २०१५ मध्ये सिक्कीमच्या नाथू ला खिंडीचा दुसरा रस्ता मिळाला. दोनच वर्षांनी, जून २०१७ मध्ये, भूतानच्या सीमेजवळच्या डोकलामवरून भारत-चीन सैन्यांत तणाव झाला आणि नाथू लाला पोहोचलेल्या ४७ यात्रेकरूंना चीनने आत घेतलं नाही. भारताने आधी सैन्य मागे घ्यावं, मग यात्रेचं बघू, असं त्यांच्या परराष्ट्र खात्याने उघड सांगितलं. त्या ४७ जणांचा डोकलामशी काय संबंध? काहीच नाही. ते फक्त हाताशी होते. त्याच वर्षी लिपुलेखवरून मात्र यात्रा चालू राहिली. म्हणजे अडचण यात्रेकरूंची नव्हती, जागेची होती.

२०२०मध्ये आधी करोना आला आणि जूनमध्ये लडाखात गलवानला चिनी सैन्याशी चकमक घडली. त्यानंतर पाच उन्हाळे यात्रा नाही.

माझे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, आणि मी २०२०लाच फॉर्म भरणार होतो. दादा तेव्हा ६७ वर्षांचे होते. सकाळी बोरी नदीच्या काठाने माझ्यापेक्षा झपाझप चालायचे. अट अशी आहे की त्या वर्षीच्या १ जानेवारीला वय १८ ते ७०मध्ये हवं. २०२१ गेलं, २०२२ गेलं, २०२३ गेलं, आणि ती अट दादांना मागे टाकून पुढे निघून गेली. आजारपण नाही, पैशाची अडचण नाही. नुसतं वाट बघण्यात त्यांचं वय निघून गेलं.

२७ जानेवारी २०२५ला परराष्ट्र सचिव बीजिंगला असताना यात्रा उन्हाळ्यात सुरू करायचं ठरल्याची बातमी आली. मी दुसऱ्याच दिवशी पासपोर्ट काढून बघितला, तर मुदत संपत आलेली. तो १ सप्टेंबरच्या पुढे किमान सहा महिने चालणारा लागतो. जळगावला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात अपॉइंटमेंट घेतली, फी १५०० रुपये, मग अमळनेर पोलीस ठाण्यात पडताळणी. साधारण तीन आठवडे गेले. ज्यांना पुढच्या वर्षी जायचंय त्यांनी हे काम दिवाळीनंतर लगेच उरकून घ्यावं. फॉर्म सुटल्यावर पासपोर्टच्या मागे धावत बसू नका, मुदत फार थोडी असते.

नोंदणीची घोषणा झाली २६ एप्रिलला. त्या आठवड्याची तारीखवार आठवण मला आजही आहे. २२ एप्रिलला पहलगामला २६ जणांना गोळ्या घालून मारलं. दुसऱ्या दिवशी सरकारने पाकिस्तान सीमेवरचं अटारीचं फाटक बंद करण्याचं जाहीर केलं. त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले, उपचारासाठी आलेल्यांना २९पर्यंतची मुदत मिळाली. जळगावच्या सिंधी कॉलनीत आमच्या ओळखीचं एक घर आहे. सुनेचं माहेर सिंधमधलं, ती दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. तिची सासू फोनवर रडत विचारत होती, बाई, आमचीला पण जावं लागेल का? हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील हा खुलासा आल्यावर त्या घरात चूल पेटली. आणि त्याच आठवड्यात, त्याच मंत्रालयाने, चीनच्या बाजूचं दार उघडलं. मला राग होता, खूप होता, पहलगामच्या बातम्या बघून मी जेवले नव्हते. तरी त्या सुनेच्या घरी काय चाललं असेल हेही डोक्यातून जात नव्हतं.

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. माहेरवाशिणींचे झोके बांधलेले, आमरस-पुरणपोळीची ताटं. मी एका पोळीवर थांबले, कारण यात्रेच्या पोर्टलवर स्पष्ट लिहिलं होतं: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ किंवा त्यापेक्षा कमी. माझी उंची १५५ सेंटीमीटर, म्हणजे वजन ६० किलोच्या आत. तेव्हा काटा ६५च्या वर होता.

फॉर्म मी बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरलेली असताना भरला. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान स्कॅन करून लागतं, फोटो लागतो, आणि रस्त्याची पसंती द्यावी लागते. २०२५ला लिपुलेखवरून ५० जणांच्या पाच बॅच होत्या, नाथू लावरून ५० जणांच्या दहा, म्हणजे एकूण ७५० माणसं. लिपुलेखचा खर्च तेव्हा सरकारी अंदाजाने १ लाख ७४ हजार होता, नाथू लाचा २ लाख ८३ हजार. मी लिपुलेख निवडलं. गावातल्या नेट कॅफेत नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून घ्या. आपल्याकडे वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव प्रत्येक कागदावर वेगळ्या क्रमाने असतं, आणि संगणकाला ते कळत नाही.

शेवटची तारीख १३ मे होती. अर्ज भरला त्या दिवसांत तिकडे ऑपरेशन सिंदूर चालू होतं, रात्री बातम्या बघताना घरात कुणी बोलत नव्हतं. यात्रेचं काय होणार, हा प्रश्न विचारायचीसुद्धा लाज वाटत होती. ५५६१ जणांनी नोंदणी केली, त्यात १५३७ बायका. २१ मेला दिल्लीत संगणकावर सोडत निघाली. मला मेसेज आला तेव्हा मी दादांच्याच ओट्यावर बसले होते. त्यांनी मोबाइल हातात घेऊन तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "तू जाय. मन्हाकडथाईन बी पाया पड." मग उठून आत गेले आणि त्यांची जुनी लोकरी टोपी शोधायला लागले, मे महिन्याच्या चव्वेचाळीस अंशांत.

निवड झाली की ठरलेल्या तारखेच्या आत जागा पक्की करण्याचे पैसे भरावे लागतात. ते परत मिळत नाहीत, वैद्यकीय तपासणीत नापास झालात तरीही नाही. हे नीट समजून मगच भरा.

वजनासाठी मी काही जगावेगळं केलं नाही. रात्रीची भाकरी निम्मी केली, शेवभाजी आणि बट्टी बंद केली, कळण्याची भाकरी आणि ठेचा चालू ठेवला. पहाटे पाचला चालायला निघायचं, कारण आठनंतर आपल्याकडचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. रविवारी चोपड्याच्या बाजूने सातपुड्यात जाऊन चढ चढायचा, पाठीवर चार-पाच किलोची सॅक. खानदेशातल्या माणसाला थंडीची सवय नसतेच, पण त्याहून चढाची नसते. चढाची तयारी घरात होत नाही, डोंगरावर जाऊनच होते. जूनच्या शेवटी काटा ५९वर आला.

कागदांमध्ये तीन महत्त्वाचे. एक नुकसानभरपाईचा बाँड, दुसरं संकटात हेलिकॉप्टरने आणावं लागल्यास खर्च माझा असं हमीपत्र, आणि तिसरं संमतीपत्र: चीनच्या हद्दीत मृत्यू झाला तर तिथेच अंत्यसंस्कार करावेत, देह परत आणण्याचं बंधन सरकारवर नाही. अमळनेर कोर्टाजवळच्या नोटरीने हे तिसरं पान वाचलं, चष्मा काढला आणि माझ्या मुलाकडे बघून विचारलं, "आईने वाचलंय ना हे?" मी म्हटलं, वाचलंय, शिक्का मारा. पण घरी येऊन तो कागद पुन्हा वाचला. खिंडीपलीकडे आपण कुणाचेच नसतो, हे त्या पानाने जितकं स्पष्ट सांगितलं तितकं कुठल्या बातमीने सांगितलं नव्हतं. हे कागद निघायच्या आदल्या दिवशी करू नका. घरच्यांसमोर वाचून मग सही करा.

जुलैमध्ये भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली गाठली. पहिले दिवस तपासण्यांचे: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, पट्ट्यावर पळवून घेतात ती टीएमटी, फुप्फुसांची तपासणी. त्याचे पैसे आपण भरायचे. नंतर आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या) रुग्णालयातले डॉक्टर सगळे अहवाल समोर ठेवून एकेकाला बोलावतात. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा रक्तदाब भीतीनेच वाढला होता. डॉक्टरांनी तासभर बसवून पुन्हा मोजला आणि त्या सुटल्या. दोघे मात्र तिथूनच परत गेले. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर लपवू नका. पुढे उत्तराखंडात सीमेजवळच्या गुंजी गावात, साधारण ३२०० मीटरवर, दुसरी तपासणी होते आणि तिथून परत पाठवलं तर ते जास्त जिव्हारी लागतं.

मंत्रालयाच्या ब्रीफिंगमध्ये सांगितलं: दलाई लामांचा फोटो किंवा पुस्तक नको, तिबेट वेगळा दाखवणारा नकाशा नको, लष्कराच्या गाड्यांचे फोटो नकोत. एका बॅचमधल्या सगळ्यांचा मिळून एकच गट-व्हिसा, त्यावर प्रत्येकाचा क्रमांक, आणि आत जाताना नि बाहेर येताना त्याच क्रमाने रांग. एक जण अडला तर सगळे थांबतात.

टनकपूर, धारचुला, मग गुंजी. पूर्वी इथे पायी यायला कित्येक दिवस लागायचे, आता जीप जाते. शरीराला हवेची सवय व्हावी म्हणून गुंजीत मुक्काम असतो, आणि तिथेच तो वाद झाला.

बॅचमध्ये एक निवृत्त सुभेदार होते. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत कुणीतरी सहज म्हणालं, पाच वर्षं यात्रा बंद ठेवून कुणाला काय मिळालं? सुभेदार शांतपणे म्हणाले, गलवानला आमची वीस पोरं गेली. त्यानंतर काहीच झालं नाही असं वागायचं का? राष्ट्राकडे शब्द असतात आणि बंदुका असतात, दोन्हींच्या मधे फार थोड्या गोष्टी आहेत. प्रवास थांबवणं ही त्यातली एक. गोळी झाडावी लागत नाही, आणि माघार घ्यायची झाली तर एका आदेशावर घेता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही, व्हिसा आणता येतो.

हा मुद्दा हलका नव्हता. बंगळुरूचा एक तरुण इंजिनिअर त्यांना म्हणाला, पण याचा परिणाम होतो का ते बघा. चीनने आपल्या सुमारे २२ हजार विद्यार्थ्यांना करोनानंतर परत येऊ दिलं नाही, त्यात बहुतेक डॉक्टरकी शिकणारे. एप्रिल २०२२मध्ये आपण चिनी पर्यटकांचे व्हिसा रद्द केले. चीनने विद्यार्थ्यांना व्हिसा द्यायला सुरुवात केली ऑगस्टच्या अखेरीस. आपल्या बंदीमुळे केली असं छातीठोक कुणी सांगू शकतं का? चिनी पर्यटक आपल्याकडे येतात किती? ज्याला ज्या दारातून यायचंच नाही, त्याच्यापुढे ते दार लावून काय साधतं?

सुभेदार म्हणाले, साधण्यासाठीच सगळं करायचं नसतं, काही गोष्टी आपल्या लोकांना दिसाव्यात म्हणून करायच्या असतात.

तेव्हा मी बोलले. दादांचं सांगितलं. माघार एका आदेशावर घेता येते हे सरकारच्या बाबतीत खरं आहे, माणसाच्या बाबतीत नाही. यात्रा पुन्हा सुरू झाली, माझ्या भावाचं वय पुन्हा ६७ झालं नाही. त्या विद्यार्थ्यांची वर्षं गेली ती गेली. एप्रिलमध्ये पोरांचे उपचार अर्धवट टाकून अटारीला गेलेल्या पाकिस्तानी आईबापांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या, त्यांच्या हातात कुठला निर्णय होता? बंदी घालणारे आणि बंदी भोगणारे यांची कधी गाठच पडत नाही. म्हणून ती घालायला इतकी सोपी वाटते. राग दाखवायचा तर ज्यांच्या सहीने निर्णय होतात त्यांचे दौरे थांबवा, त्यांच्या अधिकाऱ्यांचे व्हिसा अडवा, करारांच्या बैठका थांबवा. रुग्ण, विद्यार्थी, वारी करणारे आणि ज्यांचं निम्मं घर पलीकडे आहे ते लोक शेवटी यायला हवेत, आणि आले तरी त्यांच्यासाठी चाळणी हवी. सिंधी कॉलनीतल्या त्या सुनेला वगळलं गेलंच ना? म्हणजे चाळणी लावता येते. लावायची इच्छा हवी.

सुभेदारांनी बराच वेळ ऐकून घेतलं. म्हणाले, चाळणी लावली की तिच्यातून नको तेही येतं, सीमेवर उभं राहणाऱ्याला ते बघावं लागतं. हेही खरं आहे. आमचं एकमत झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी चढावर माझी सॅक त्यांनीच घेतली.

गुंजीत एका दुकानदाराशी बोलले. या खोऱ्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या खिंडीपलीकडे तिबेटातल्या तकलाकोटच्या बाजारात व्यापाराला जायचे. ते गृहस्थ २०१९च्या हंगामानंतर नेहमीप्रमाणे उरलेला माल तिथल्या गोदामात ठेवून, कुलूप लावून परतले होते. पुढच्या जूनला जायचं म्हणून. ती किल्ली त्यांनी गल्ल्यातून काढून मला दाखवली. "यात्री तो जाने लगे, हमारा नंबर कब आएगा?" असं त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार.

खिंडीखालचा शेवटचा मुक्काम नाभीढांग, तिथून मध्यरात्रीनंतर निघालो. लिपुलेख साधारण ५१०० मीटरवर, वारा असा की डोळ्यांतून पाणी थांबत नाही. दादांची लोकरी टोपी तिथे कामी आली. खिंडीत आपले अधिकारी यादी वाचतात, पलीकडे चिनी अधिकारी तीच यादी घेऊन उभे. क्रमांक पुकारला की पासपोर्ट पुढे करायचा, चेहऱ्यावरचं कापड खाली करायचं, आणि पुढे चालायचं. पाच वर्षं जे अडलं होतं ते माझ्यापुरतं मिनिटभरात झालं. तकलाकोटला सामान मशीनमधून जातं, पुस्तकं उघडून बघतात. माझ्याकडची हरिपाठाची छोटी पोथी एका मुलीने उलटसुलट पाहिली आणि हसून परत दिली. घड्याळ अडीच तास पुढे करा, तिथे सगळं बीजिंगच्या वेळेवर चालतं.

परिक्रमा तीन दिवसांची. डोल्मा ला खिंडीचा दिवस कठीण आहे, ५६०० मीटरच्या वर चढावं लागतं, दहा पावलं टाकायची आणि थांबायचं. घोडा घ्यायचा असेल तर आधीच सांगा, तिथे ऐन वेळी मिळेल याची खात्री नसते. मानसरोवरात उतरून आंघोळ करू देत नाहीत, बादलीने पाणी काढून घ्यायचं. मी दादांच्या नावाने ओंजळ सोडली.

घरी आल्यावर हिशेब मांडला. कपडे, बूट, रेल्वे, तपासण्या आणि किरकोळ धरून दोन लाखांच्या थोडं वर गेले. बूट नवे घेऊन थेट नेऊ नका, महिनाभर घालून चाला.

ऑगस्टमध्ये बातम्या वाचल्या. चिनी पर्यटकांना आपले व्हिसा २४ जुलैपासून पुन्हा सुरू झाले होते. १९ ऑगस्टला चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत असताना लिपुलेख, शिपकी ला आणि नाथू लामार्गे व्यापार सुरू करायचं ठरलं, आणि लगेच नेपाळने लिपुलेख आमचं आहे म्हणून हरकत घेतली. गुंजीच्या दुकानदाराचा नंबर मी घेऊन ठेवला होता. त्यांना फोन केला. त्यांना बातमी माझ्याआधी कळली होती, तारीख मात्र कुणी सांगितली नव्हती.

मग मी एक काम केलं आणि ते तुम्हीही करू शकता. केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर परराष्ट्र मंत्रालय निवडून अर्ज केला, त्याची प्रत आपल्या खासदारांच्या कार्यालयात पोहोच घेऊन दिली. मागणी एकच आहे: २०२० ते २०२४ या काळात यात्रा सरकारी कारणाने बंद होती, तेव्हा जे लोक त्या काळात सत्तरीपार गेले त्यांना पाच वर्षांची सूट द्या. वयाची अट तब्येतीसाठी आहे हे मान्य, पण तब्येत बघायला दिल्लीत आणि गुंजीत दोनदा तपासणी होतेच. नापास झाले तर परत पाठवा, निदान त्यांना रांगेत उभं तर राहू द्या. अर्जाला पैसे लागत नाहीत, मराठीतून लिहिलं तरी चालतं, सोबत वयाचा दाखला आणि पासपोर्टचं पान जोडा. नोंदणी क्रमांक मिळतो तो जपून ठेवा, त्यावरून स्थिती बघता येते. माझ्या अर्जापुढे अजून 'प्रक्रियेत' एवढंच दिसतंय. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्या नावाने वेगळा अर्ज करा, एकाच अर्जावर दहा सह्या घेऊ नका. दहा अर्ज दहा क्रमांकांनी गेले तर ते निदान मोजले तरी जातील.